बंद पत्राला उघडं कारड

“पानी मागितलं व्हतं का माज्या लेकीनं? भावजी, तुमाला इचारायलीय मी! मागितलं व्हतं का न्हाई?”

वहिनी उंबऱ्यात उभी राहून ओरडत होती आणि मी तिच्या अंगणात उभा होतो, एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या हातात घडी न मोडलेला पांढरा सदरा. तिचा आवाज इतका चढला होता की तिकडं गंगाखेडच्या बाजारात बांधलेल्या बैलांनी रवंथ थांबवला असेल. आता हे बैलांचं मी वाढवून सांगतोय, मला कळतं. पण गल्लीतलं एकूण एक दार उघडलं होतं आणि दारादारांत माणसं उभी होती आणि त्यातलं कुणीही हसत नव्हतं, हे वाढवलेलं नाही. मी गावात पाऊल टाकलं आणि कुणी हसलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

माझा दोस्त, म्हणजे तिचा नवरा, कुडाला टेकून अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“ह्यान्ला आठ दिस झाले इचारून,” वहिनी म्हणाली. “तोंड उघडंनात. तुमी तर लय बोलनारे, लय लिवनारे. तुमीच सांगा.”

तिच्या मुठीत माझं पोस्टकार्ड होतं. घामानं त्याची शाई फुटली होती.

त्या कार्डात काय होतं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. मागं जायला मला आवडतं असं समजू नका. पण सांगतो.

मी आणि तो एका गल्लीत, एका आठवड्यात जन्मलो. आमचं गाव राणीसावरगावपासून दोन कोसांवर. नकाशा काढणारा साहेब आमच्या शिवेपर्यंत आला आणि त्याची शाई संपली, म्हणून आमचं गाव नकाशात नाही, असं माझा बाप सांगायचा. थापा मारायचा धंदा आमच्या घरात पिढीजात आहे. दोस्ताच्या घरात मात्र कुणाला थाप मारता यायची नाही आणि मारलेली ओळखताही यायची नाही.

छप्पन साली आमच्या अख्ख्या गल्लीनं दीक्षा घेतली तेव्हा आम्ही दहा-अकराचे होतो. घराघरांतले देव एका टोपल्यात भरून नदीला सोडायचे ठरले. टोपलं एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं त्यानं. देव सोडून परत निघालो तेव्हा मी सहज म्हणालो, “त्यातला एक बोलला रं. म्हनला, मला पवता येत न्हाई.” मी आपला हसत पुढं गेलो. मागं बघतो तर हा कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळ चाचपायलाय. थंडीनं ओठ काळे पडले तरी बाहेर येईना. मी शपथेवर ‘थाप मारली’ म्हणालो तेव्हा आला. रागावला नाही. “मग आदीच सांगायचं ना,” एवढंच म्हणाला.

असा तो माणूस. आणि अशा माणसाला मी पुढं देवाच्या गोष्टी लिहायला बसलो.

मी मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलो. सत्तरच्या सुमारास माझा उजवा हात पट्ट्यात सापडला. दोष मशीनचा नव्हता. मी पट्ट्याशेजारी उभा राहून चार जणांना गोष्ट सांगत होतो, आणि हातवारे केल्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही. हात तीन जागी मोडला. मिशनच्या एका दवाखान्यात तीन महिने पडून होतो आणि तिथून निघालो तेव्हा माझं मन ख्रिस्ताकडं वळलेलं होतं. पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला.

ते कसं झालं हे मी कधी कुणाला धड सांगितलं नाही, कारण सांगण्याजोगं त्यात काही नव्हतं. वॉर्डात एक म्हातारी आया होती. माझा हात बांधलेला, म्हणून ती रोज सकाळी माझे केस विंचरायची. मी कुठला, कोण, कुठल्या गल्लीतला, तिनं एकदाही विचारलं नाही. आमच्यासारख्यांच्या डोक्याला तोवर आईशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. विंचरताना ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलायची. मी विचारलं, “कुनाशी बोलता?” ती म्हणाली, “तुझ्याबद्दल सांगते त्याला.” बस. एवढंच. ह्याच्यावर मी तीन दिवस तोंडावर चादर घेऊन रडलो.

पण हे पोस्टकार्डावर लिहून कोण ऐकणार?

‘ऐकणार’ म्हणालो ते चुकून नाही. आमच्या गावाला पत्रं वाचली जात नव्हती, ऐकली जात होती. पोस्टमन बाहेरगावचा. तो आमच्या गल्लीत शिरत नसे. त्याची चप्पल विटाळली असती. आमच्या गल्लीचं सगळं टपाल तो पिठाच्या गिरणीवर टाकून जायचा. गिरणीवाला सातवी शिकलेला, आवाजानं खडा. बंद पत्राला तो हात लावत नसे, तेवढा इमानदार होता. पण पोस्टकार्ड उघडं, आणि उघड्यावर हक्क सगळ्यांचा, असा त्याचा कायदा होता. माझं कारड आलं की तो इंजन बंद करायचा. दळणाला आलेल्या बाया डबे पालथे घालून त्यावर बसायच्या. पलीकडच्या गल्लीतले बाप्येसुद्धा भिंतीशी टेकून उभे राहायचे. “आलं रे आलं! पाद्र्याचं कारड आलं!” म्हणून तो ओरडला की रानातली माणसं विळे टाकून धावत यायची. विळे टाकून म्हणजे, निदान हातात घेऊन.

हे मला पहिल्या वर्षीच कळलं, आणि माझा हात बिघडला. मोडण्यानं नव्हे, लिहिण्यानं.

दोस्ताला मी खरोखर मनापासून लिहायला बसायचो. त्यानं माझ्या वाटेनं यावं असं मला फार वाटायचं. ख्रिस्तानं मला जे दिलं ते सगळं चांगलं होतं, पण तिथं माझ्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं, आणि स्वर्गात मला एकट्याला करमलं नसतं. म्हणून पहिल्या ओळीला मी दोस्ताशी बोलायचो. दुसऱ्या ओळीला गिरणीचं इंजन बंद झाल्याचं मला ऐकू यायचं. तिसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं गिरणीसाठी.

माझा तीन जागी मोडलेला हात दुसऱ्या कारडात सात जागी मोडला, पाचव्यात सतरा. डॉक्टर म्हणाले, हा हात नाही, हा भुगा आहे. मी प्रार्थना केली आणि हाडं आपापली जागा शोधत निघाली, त्यांचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत गेला. मानवतला पाऊस नव्हता, आम्ही चौघं गुडघ्यावर बसलो, तर ढग इतका खाली आला की जिनिंगच्या धुराड्यात अडकला. गोष्ट लांबली की कारडाच्या पत्त्याच्या बाजूलासुद्धा मी मुंगीएवढं अक्षर काढून गोष्ट पुरी करायचो. गिरणीवाला ते कंदिलाच्या काचेतून वाचायचा, असं ऐकलं.

दोस्ताचं उलट कारड यायचं, तीन ओळींचं. “तुजं कारड पोचलं. सगळे लय हासले. जवारी बरी हाय. तू लिवत जा.”

गल्लीतले जाणते नाराज होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपण सगळ्यांनी मिळून एकदा घर बदललं, मोठ्या हिमतीनं बदललं, आता एकेकट्यानं बिऱ्हाड कशाला हलवायचं? वहिनीचे वडील तर दीक्षेच्या वेळी पंचक्रोशीत सगळ्यांच्या पुढं उभे राहिलेले. वहिनी मला म्हणायची, “भावजी, तुमचं कारड मी ऐकते. गंमत हाय. पन आमच्या घरात दुसरं काई यायचं न्हाई.” मी म्हणायचो, “वहिनी, मी फकस्त दार वाजवायलोय.” ती म्हणायची, “वाजवा. कडी आतून हाय.”

मग तो दुष्काळ आला. त्याबद्दल मला वाढवून काही सांगता येत नाही. तिथं वाढवायला जागाच नव्हती. तलावाच्या कामावर दोघं नवराबायको जायचे. ती एका टोकाला खडी फोडायला, तो दुसऱ्या टोकाला पाट्या टाकायला. त्यांची एकुलती एक लेक चार वर्षांची. तिला गोवर निघून गेला होता, पण अंगात कणकण राहिली होती. घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून तो तिला आपल्या बाजूला बाभळीच्या सावलीत बसवायचा.

एका संध्याकाळी ती उठली नाही.

मी पाचव्या दिवशी गेलो. त्या दिवशी मी एकही गोष्ट सांगितली नाही. वहिनी येईल त्याला एकच सांगत होती, मलाही सांगितलं: “झोपंतच गेली. रडली न्हाई, काई मागितलं न्हाई. झोपंतच गेली.” पुढं वर्षभर जो भेटेल त्याला ती हे सांगायची. आधी मला वाटलं, दुःखानं तेच तेच बोलते. मग कळलं, ती त्या एका वाक्यावर उभी आहे. पोरीनं काही मागितलं नाही. म्हणजे द्यायचं काही राहिलं नाही.

दोस्त ते ऐकायचा आणि उठून बाहेर जायचा.

वर्ष उलटल्यावर त्याचं मला पत्र आलं. कारड नव्हे. इनलँड पत्र, निळं. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. कडा नुसत्या डिंकावर सोडल्या नव्हत्या. ज्वारीच्या पिठाची खळ करून चारी बाजूंनी दोन-दोनदा चिकटवलं होतं. मला ते ओलं करून, सुरीनं सोडवावं लागलं. चार अक्षरं खळीबरोबर निघूनच गेली. माणूस पत्र असं चिकटवतो तेव्हा काय म्हणत असतो, हे बैलालाही कळलं असतं.

आत लिहिलं होतं, मला अजून तोंडपाठ आहे:

“तू लिवतोस, तिकडं गेलेले समदे भेटतात. म्हनून इचारतो. पोर झोपंत गेली असं मी घरात सांगितलं. तसं न्हाई. तिनं पानी मागितलं. बा, पानी, म्हनली. मी म्हनलं, एवढी पाटी टाकून येतो. मुकादम बगत व्हता. पाटी टाकून पानी आनलं तर डोळे मिटलेले. झोपली वाटलं. उठवली न्हाई. पानी शेजारी ठिवलं आन पुन्ना पाटी उचलली. तुज्या देवाकडं ह्याला माफी हाय का? आन ती भेटली तर मला वळखील का तोंड फिरवील? घरात म्हाईत न्हाई. कुनाला सांगू नगं. खरं असंल ते लिव.”

मी ते पत्र घेऊन जिनिंगच्या मागं सरकीच्या ढिगावर बसलो. मला रडू आलं. आणि, आता हे लिहायला हात धजत नाही पण लिहितो, मला आनंदही झाला. चार वर्षं मी दार वाजवत होतो, आतून पहिल्यांदा कुणी ‘कोण आहे’ म्हणालं होतं.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. कारडावर.

कोरं इनलँड माझ्या ट्रंकेत होतं. एक नाही, दोन होती. ‘घाईत होतो, हाताला आलं ते घेतलं’ असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ती थाप आहे. खरं असं की बंद पत्र गिरणीवर वाचलं जात नाही. चार वर्षांत मी गिरणीशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. मला वाटलं, हे तर माझं सगळ्यात मोठं कारड. हे ऐकून दोस्तच काय, अख्खा गाव उठून येईल. ‘कुनाला सांगू नगं’ हे मी वाचलं होतं. पण मी कुठं कुणाला सांगत होतो? मी तर त्यालाच लिहीत होतो. माणसाचं मन स्वतःलाच किती सफाईनं थाप मारतं बघा; आमच्या बापालासुद्धा अशी जमली नसती.

कारडात मी लिहिलं:

“गड्या, पाटी टाकायला गेलास आन पोर तान्हेली गेली म्हनून रडतोस व्हय? अरे येड्या, तिथं दुधासारख्या पान्याची नदी हाय, आपल्या गोदावरीच्या सातपट. काठाला सोन्याच्या पायऱ्या. तुजी पोर चांदीच्या गडव्यानं पानी पिती आन उरलेलं देवदूतांच्या अंगावर उडवती. काल माज्या सपनात आली व्हती. म्हनली, काका, माज्या बा ला सांगा, मला आता तान लागत न्हाई. समदी माफी हाय. आठ दिवसांत तुज्या बाप्तिस्म्याचा सदरा घेऊन येतो, पाद्रीसाहेबांशी बोलून ठिवलंय.”

स्वप्न मला पडलंच नव्हतं.

पुढचं गिरणीवाल्यानं मला नंतर सांगितलं. इंजन बंद झालं. बाया डब्यांवर बसल्या. वहिनीचा नंबर दुसरा होता. ती डब्याला हात लावून उभी होती. पहिली ओळ वाचताच गिरणीवाला अडखळला. त्याला समजलं. तो म्हणाला, “आज अक्षर लागंना.” पण मागून कुणीतरी ओरडलं, “लागंना काय! वाच की, नाटक करतो का?” आणि त्यानं वाचलं. सोन्याच्या पायऱ्यांपाशी एक बाई सवयीनं हसली. मग तिनंच तोंडावर पदर घेतला. वहिनीनं डबा उचलला आणि न दळताच घरी गेली.

आणि मी आठव्या दिवशी जिलेबी घेऊन हजर.

आता पुन्हा त्या अंगणात चला. वहिनी उंबऱ्यात आहे. दोस्त दोर वळतोय. ती मला विचारतेय, पाणी मागितलं होतं का.

मला वाट दिसली. असल्या वाटा मला फार लवकर दिसतात. अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं की मी थापाड्या. सतरा हाडं, धुराड्यातला ढग, सगळ्यांना पाठ. म्हणजे आज मी म्हणालो की ही पण एक थापच, तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. आयुष्यभर मारलेल्या थापा त्या एका थापेसाठीच जमवल्या होत्या म्हणा. मी जिलेबी खाली ठेवली. हात जोडले.

“वहिनी, मी रचलं ते. माज्या मनचं. तुमाला माज्या खोड्या म्हाईत न्हाईत का? त्यानं मला असं काई कळवलंच न्हाई. पोर झोपंतच गेली. मी आपलं कारडात रंग भरायला…”

मी चांगलं बोलत होतो. डोळ्यांत पाणी होतं, आवाज बसला होता. वहिनीचा चेहरा सैल पडायला लागला होता. तिला विश्वास ठेवायचा होता. बुडणाऱ्यानं दोर धरावा तसं तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. “आईची आन घ्या,” ती म्हणाली. एकदम हळू. मी तोंड उघडलं. घेतलीच असती. माझी आई मला माफ करती.

“मागितलं व्हतं,” दोस्त म्हणाला.

दोर त्याच्या हातातच होता. तो वहिनीकडं बघत नव्हता, माझ्याकडंही नाही.

“दोनदा मागितलं,” तो म्हणाला.

मला पत्रात एकदाच सांगितलं होतं त्यानं.

वहिनी ओरडायची थांबली. ती आत गेली आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. दारातली माणसं एकेक करून आत गेली. मी त्याच्याजवळ बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी तो म्हणाला, “जा आता. गाडी चुकंल.” मी सदरा तिथंच विसरलो का मुद्दाम ठेवला, मला आठवत नाही. जिलेबीला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर मी त्याला इनलँड पत्रं लिहिली. दर महिन्याला एक, खळीनं चिकटवून. त्यांत एकही ढग नव्हता. पहिल्यात मी माफी मागितली. दुसऱ्यात, तिसऱ्यात पण माफीच. मग दवाखान्यातल्या त्या आयेबद्दल लिहिलं, ती केस विंचरायची ते. उत्तर आलं नाही. गिरणीवाल्यानं निरोप धाडला की पत्रं तो घेऊन जातो, फोडतो का नाही ते ठाऊक नाही, आणि तुझ्या आवाजाची गिरणीला सवय झाली होती, आता इंजन बंद करायला निमित्त उरलं नाही. हे शेवटचं त्यानं गंमत म्हणून कळवलं असावं.

मी रविवारी उपासनेला जायचो. गाण्याला माझा आवाज सगळ्यात मोठा, आणि लोक कौतुक करायचे. प्रार्थनेत मात्र माझी पंचाईत व्हायची. ‘हे प्रभो’ म्हटलं की पुढं नदी यायची, सोन्याच्या पायऱ्या यायच्या, नि मी गप्प बसायचो. पाद्रीसाहेब एकदा म्हणाले, “तुम्ही अलीकडं फार शांत प्रार्थना करता, छान वाटतं.” मी हो म्हणालो.

चारेक वर्षांनी तो मला मानवतच्या एसटी स्टँडवर दिसला. कुणाचा तरी कापूस घेऊन आलेल्या गाड्यांबरोबर आला होता आणि आता परतीच्या गाडीची वाट बघत होता. कानांवरचे केस पिकलेले. आम्ही दोघं तिशीतलेच होतो. मला बघून तो उठून गेला नाही. मी दोन चहा आणले. त्यानं घेतला.

“वहिनी?” मी विचारलं.

“हाय.”

“बोलते का?”

“कामापुरतं बोलती.” त्यानं चहाचा घोट घेतला. “पोरगा झाला मागल्या साली. पान्याचा तांब्या त्याच्या उशाशी ठिवती. तान्हं लेकरू, त्याला काय कळतंय. तरी ठिवती.”

मी मान हलवली. समोर कंडक्टर कुणाच्या तरी कोंबड्यांवरून भांडत होता. दुसरा दिवस असता तर त्या कोंबड्यांचं मी महाभारत केलं असतं.

“तुला एक इचारू का?” तो म्हणाला.

“इचार.”

“ती तुज्या सपनात आली व्हती म्हनून लिवलंस. तान लागत न्हाई म्हनली.” तो कपाकडं बघत होता. “आली व्हती का?”

चार वर्षं झाली होती. त्यानं माझ्यावर राग धरला असेल, माझी पत्रं चुलीत घातली असतील, असं मी समजत होतो. आणि हा त्या एका ओळीशी बसला होता. एक ‘हो’ म्हणायला मला काय लागत होतं? त्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी त्या दिवशी वहिनीच्या तोंडावर बघितलं होतं. तो हो मागत होता.

“न्हाई,” मी म्हणालो. “सपन पडलं नव्हतं. मी रचलं.”

त्यानं कप खाली ठेवला.

“आन नदी?”

“नदी असंल. मी बगितली न्हाई. माफी हाय, ते मला ठाऊक हाय, कारन मला मिळाली. पोर भेटंल का, वळखील का, ते मला ठाऊक न्हाई, गड्या. मी देवाला रोज इचारतो. अजून मला कळलं न्हाई. तू आला असतास तर दोघं मिळून इचारलं असतं, एवढंच मला म्हनायचं व्हतं. ते लिवायचं सोडून मी ते भलतंच लिवलं.”

गंगाखेडची गाडी लागली. माणसं दाराशी रेटारेटी करायला लागली. तो उठला, पिशवी खांद्याला लावली, चहाचे दोन्ही कप उचलून टपरीवर ठेवून आला. मी त्याच्या मागं मागं गेलो.

“आता येतोस का?” मी विचारलं.

“न्हाई,” तो म्हणाला. “तवा हे लिवलं असतंस तर आलो असतो.”